सासूबाईंच्या आजीचं गाव कोणतं? अझोर्समधून अमेरिकेत आलेल्या पोर्तुगीज पूर्वजांचा शोध

आसावरी | ९ जानेवारी

नमस्कार मंडळी. थोडा वेगळा विषय आहे, पण इथे जुनी कागदपत्रं वाचणारी माणसं आहेत हे माहीत आहे, म्हणून लिहिते.

मी मॅसॅच्युसेट्समध्ये, न्यू बेडफर्डपासून वीस मिनिटांवर राहते. माझ्या सासूबाई इथल्याच. वय ८३. त्यांचं माहेरचं आडनाव पेरी. लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं, इंग्रज घराणं असेल. पुढे कळलं की त्यांचे आजोबा-आजी अटलांटिकमधल्या अझोर्स बेटांवरून आलेले, म्हणजे पोर्तुगीज. ईस्टरला सासूबाई एक गोड पाव करतात, त्यात अख्खं अंडं सालासकट खोचतात. तो पाव त्यांना आजीने शिकवला. आजीला त्या 'व्हावो' म्हणतात. व्हावो १९५५ मध्ये गेली तेव्हा सासूबाई १३ वर्षांच्या होत्या. तिला इंग्रजी जवळजवळ येत नव्हतं. ती 'पोर्तुगाल' असं कधीच म्हणायची नाही, 'इल्या' म्हणायची. इल्या म्हणजे बेट. कोणतं बेट, कोणतं गाव, हे कुणी विचारलं नाही आणि तिनेही सांगितलं नाही.

सासूबाईंची तब्येत आता नाजूक आहे. नोव्हेंबरमध्ये त्या मला म्हणाल्या, "व्हावोचं गाव कुठलं हे कळलं असतं तर बरं झालं असतं." तेव्हापासून मी मागे लागले आहे.

हाताशी आहे ते असं. आजोबा मानुएल पेरी, जन्म अंदाजे १८७४. घरात सांगतात की ते फायाल बेटावरून देवमाशांच्या शिकारीच्या जहाजावर चढून आले. आजी मेरी. आता खरा गुंता: आजीच्या मृत्यूच्या दाखल्यावर तिचं माहेरचं आडनाव 'सिल्व्हिया' आहे. थोरल्या मुलाच्या जन्माच्या नोंदीत आईचं नाव 'मेरी जीझस' आहे आणि धाकट्या मुलीच्या नोंदीत 'मेरी रोझ'. सासूबाईंच्या एका चुलतभावाचं ठाम मत आहे की आजोबांच्या तीन बायका होत्या. सासूबाईंना हे ऐकवत नाही.

एका व्यावसायिक संशोधकाला पैसे देऊन पाहिले. त्यांनी पेरी म्हणजे परेरा हे बरोबर सांगितलं, पण पुढे थेट पोर्तुगालच्या मुख्य भूमीवरच्या एका सरदार घराण्याशी जोडून ढाल-तलवारीचं चिन्ह असलेला कागद पाठवला. मधल्या दोनशे वर्षांचा एकही पुरावा नाही.

कुठून सुरुवात करू?

बापूसाहेब | ९ जानेवारी

आसावरीताई, विषय फार आवडला. आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत १९६० च्या दशकात निघाला, त्याच्या कामात माझे वडील होते. त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांच्या वह्यांतून नावं उतरवून आणलेली मला आठवतात. पोर्तुगीज लोकांत असं काही असतं का? आडनावावरून मूळ गाव काढता येत नाही का? आपल्याकडे पाटणकर म्हटलं की निदान दिशा तरी कळते.

वसईकरीण | १० जानेवारी

बापूसाहेब, आडनावाबद्दल मी सांगते, कारण आम्हाला जन्मभर हाच प्रश्न विचारला जातो. मी वसईची, ख्रिस्ती. आमच्या गल्लीत परेरा आहेत, डिमेलो आहेत, रॉड्रिग्ज आहेत. लोकांना वाटतं, आमचे पूर्वज पोर्तुगालहून आले. तसं नाही. १५३४ मध्ये वसई पोर्तुगिजांकडे गेली, १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी घेतली. मधल्या दोनशे वर्षांत बाप्तिस्मा झालेल्या इथल्याच कुटुंबांना पाद्रीचं किंवा धर्मपित्याचं (बाप्तिस्म्याच्या वेळी पालक म्हणून उभा राहतो त्याचं) आडनाव मिळालं. त्यामुळे वसईच्या परेराचं आणि लिस्बनच्या परेराचं रक्ताचं नातं असेलच असं नाही. गोव्यातही तीच गोष्ट.

आसावरीताईंची गोष्ट अगदी उलटी आहे: माणसं खरोखर पोर्तुगीज बेटांवरची आणि आडनाव इंग्रजी झालेलं. पण शिकण्यासारखं एकच: आडनावाला धरून चालू नका.

कागदवाचक | १० जानेवारी

आसावरी, मी निवृत्त माणूस आहे. पणजीत असताना वीस-बावीस वर्षं पोर्तुगीज काळातली जमिनीची आणि चर्चची दप्तरं वाचली. अझोर्सच्या वह्याही पुष्कळ पाहिल्या आहेत. सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, तीन बायका वगैरे काही नसावं. तुम्ही दिलेली तिन्ही नावं एकाच बाईची असू शकतात, आणि माझा अंदाज आहे की तशीच आहेत. एकोणिसाव्या शतकात अझोर्समधल्या बाईला आपल्या अर्थाने आडनाव नसायचंच. बाप्तिस्म्याला फक्त नाव ठेवत: मारिया, रोझा, आना. पुढे मोठी झाल्यावर भक्तीचं एखादं जोडनाव लागे: द जेझुस, दा कोन्सैसांव, दु इश्पिरितु सांतु, दा ग्लोरिया. सख्ख्या तीन बहिणींची जोडनावं तीन असत. मुलगे बापाचं नाव लावत, कधी आईच्या बापाचं, कधी धर्मपित्याचं, कधी गावात पडलेलं टोपणनावच कायम होई.

आता तुमची मेरी. तिचं पूर्ण नाव मारिया रोझा द जेझुस असेल आणि तिच्या बापाचं आडनाव सिल्वा किंवा सिल्व्हेरा, तर सगळं जुळतं. थोरल्याच्या वेळी कारकुनाने शेवटचा शब्द घेतला, 'जीझस'. धाकटीच्या वेळी मधला घेतला, 'रोझ'. ती वारली तेव्हा मुलांनी अमेरिकन पद्धतीने तिच्या बापाचं आडनाव सांगितलं. न्यू इंग्लंडमध्ये सिल्वा आणि सिल्व्हेरा दोन्हींचं सिल्व्हिया झालेलं आहे. तसंच परेराचं पेरी, रॉड्रिग्जचं रॉजर्स, फ्रैतासचं फ्रेट्स, ऑलिव्हेराचं ऑलिव्हर. काहींनी सरळ अर्थच भाषांतरित केला: रैश म्हणजे राजे, म्हणून किंग, मदैरा म्हणजे लाकूड, म्हणून वुड.

आणखी एक समजूत काढून टाका, की बंदरावरच्या अधिकाऱ्याने नाव बदललं. प्रवाशांच्या याद्या जहाज सुटताना तयार होत, इथले अधिकारी त्या फक्त पडताळत. नावं बदलली ती नंतर, गिरणीत, शाळेत, पगाराच्या पुस्तकात.

म्हणून आडनाव शोधू नका. फ्रेगेझिया शोधा. फ्रेगेझिया म्हणजे चर्चची पॅरिश, आपण वाडी-गाव म्हणतो तेवढा भाग. ते एक नाव हाती लागलं की सगळी दारं उघडतात, कारण तिथल्या वह्या जवळजवळ सगळ्या घरबसल्या पाहता येतात. ते नाव नाही तर नऊ बेटांवर भटकत राहाल. आणि ते नाव तुम्हाला अमेरिकेतच शोधायला हवं, पोर्तुगालमध्ये नाही.

निनाद_सॅनहोजे | ११ जानेवारी

कागदवाचक, भारी लिहिलंत. माझ्या बायकोचे पणजोबा अझोर्समधल्याच टर्सेरा बेटाचे, कॅलिफोर्नियात दुग्धव्यवसायात आले. त्या शोधातून शिकलेल्या दोन-तीन गोष्टी टाकतो.

१९०० आणि १९१० च्या अमेरिकन जनगणनेत अमेरिकेत आल्याचं वर्ष असतं. दोन्हींत वर्ष वेगळं निघालं तर घाबरू नका, शेजाऱ्यानेही माहिती दिलेली असते. १८९० ची जनगणना जवळजवळ पूर्ण नष्ट झाली आहे, तिच्यामागे वेळ घालवू नका. जन्मस्थान म्हणून कधी 'पोर्तुगाल', कधी 'अझोर्स', कधी 'वेस्टर्न आयलंड्स' लिहिलेलं असतं. शेवटचं वाचून मी महिनाभर कॅरिबियनमध्ये शोधत होतो. वेस्टर्न आयलंड्स म्हणजे अझोर्सच.

नागरिकत्वाचे कागद १९०६ नंतरचे असतील तर त्यात जन्मगाव मिळण्याची चांगली शक्यता, त्याआधीचे फार त्रोटक. १९०७ नंतरच्या जहाजांच्या याद्यांत मागे राहिलेल्या जवळच्या नातेवाइकाचं नाव आणि ठिकाण असतं. तुमचे लोक त्याआधीचे आहेत, पण मागाहून आलेला एखादा भाऊ, भाची, पुतण्या सापडला तर त्याच्या यादीतून गाव निघेल. आम्हाला गाव तसंच सापडलं, पणजोबांच्या मेव्हण्यामुळे.

आसावरी | १५ जानेवारी

सगळ्यांचे मनापासून आभार. या चार दिवसांत १९०० ची जनगणना पाहिली. मानुएल पेरी, कापड गिरणीत, अमेरिकेत आल्याचं साल १८९१. मेरी, १८९६. म्हणजे ते आधी आले, ती पाच वर्षांनी.

१९१० च्या पानावर मात्र मी थांबले. तिथे विवाहित बाईसाठी दोन रकाने आहेत: किती मुलांना जन्म दिला आणि त्यातली किती जिवंत आहेत. मेरीच्या पुढे ६ आणि ३ असे आकडे आहेत.

सासूबाईंना तीनच माहीत होती: वडील, थोरले काका आणि आत्या. मी सांगितलं तेव्हा त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, की व्हावो रोज रात्री माळ जपताना शेवटी तीनदा कपाळाला हात लावायची, त्यांना वाटायचं ती प्रार्थनेचीच रीत आहे.

राज्याच्या मृत्युनोंदी १८४१ पासून आहेत, त्यांत तिन्ही बाळं सापडली. एक अकरा दिवसांचं, एक सात महिन्यांचं, एक दोन वर्षांचं. तिघांच्या नोंदीत आईचं माहेरचं नाव पुन्हा वेगवेगळं. पण पत्ता तोच, बाप तोच. कागदवाचक, तुमचं बरोबर होतं. बायको एकच.

गाव मात्र कुठेच नाही. १८९८ ची लग्नाची सरकारी नोंद मिळाली, त्यात दोघांच्या आईवडिलांची नावं इंग्रजी करून लिहिली आहेत: जोसेफ आणि मेरी, अँटोन आणि रोझ. जन्मस्थान 'वेस्टर्न आयलंड्स'.

मीनल | १५ जानेवारी

माळेचं वाचून डोळ्यांत पाणी आलं. त्या तीन मुलांची नावं सासूबाईंना सांगितलीत ना?

आसावरी | १५ जानेवारी

हो मीनल. त्यांनी लिहून घेतली, प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवली आहेत.

कागदवाचक | १६ जानेवारी

आता चर्चकडे वळा. सरकारी कारकुनाला सगळी बेटं सारखी होती, पण पोर्तुगीज पाद्रीला नव्हती. न्यू बेडफर्डमध्ये सेंट जॉन द बाप्टिस्ट ही पोर्तुगीजांची पॅरिश १८७१ मध्ये सुरू झाली, उत्तर अमेरिकेतली पहिली. तिथले पाद्री बेटांवरच्या सवयीने लग्नाच्या नोंदीत वधूवरांची फ्रेगेझिया लिहीत. दप्तरं आता कुणाकडे आहेत ते फॉल रिव्हर धर्मप्रांताच्या कार्यालयाकडून समजेल. पत्र लिहा: दोघांची नावं इंग्रजी आणि पोर्तुगीज दोन्ही रूपांत, लग्नाचं साल, आणि 'नोंदीचा शब्दशः उतारा हवा' असं स्पष्ट. नुसता दाखला मागितलात तर छापील फॉर्म येईल आणि त्यात तुम्हाला हवं तेच नेमकं नसेल.

दुसरं, फायालबद्दल. त्या बेटावरच्या ओर्ता बंदरात न्यू बेडफर्डची देवमाशांची जहाजं पाणी, भाजी आणि खलाशी घेत. १८०६ पासून १८९२ पर्यंत डॅबनी घराण्यातले लोक तिथे अमेरिकेचे वाणिज्यदूत (कॉन्सल) होते, इतका तो रस्ता रुळलेला. त्यामुळे 'फायालहून आले' याचा अर्थ बरेचदा 'फायालहून जहाज धरलं' एवढाच असतो. समोर पिको बेट आहे, आज बोटीने अर्धा तास. तिथली द्राक्षबागायती १८५० च्या दशकात भुरीच्या रोगाने बसली, खडकाळ जमिनीत दुसरं पिकेना, आणि पोरं रात्री होडीने निघून जहाज गाठत. शिवाय सक्तीच्या लष्करी सेवेची भीती. त्या वयाच्या मुलाला पासपोर्ट हवा तर सरकारकडे जामिनाची रक्कम ठेवावी लागे, ती कुणाकडे होती? म्हणून मानुएल १६-१७ व्या वर्षी निघाले असतील तर त्यांची पासपोर्टची नोंद मिळणं कठीण.

पण मारियाला लष्कराची अडचण नव्हती. ती १८९६ मध्ये सरळ पासपोर्ट काढून आली असणार. तुम्ही सगळे आजोबांच्या मागे लागला आहात. आजीच्या मागे जा.

वसईकरीण | १६ जानेवारी

शेवटचं वाक्य मी माझ्या नवऱ्याला वाचून दाखवलं.

बापूसाहेब | १७ जानेवारी

मलाही ते लागलं. काल आमचा कुलवृत्तांत पुन्हा उघडला. पुरुषांची नावं, जन्मसालं, शिक्षण, नोकरी सगळं आहे. लेकींच्या बाबतीत 'अमुक घराण्यात दिली' एवढंच, आणि बऱ्याच ठिकाणी सुनांचं माहेरचं नावसुद्धा नाही. माझी पणजी कोण होती, तिचं गाव कोणतं, हे त्या चारशे पानांत नाही.

आसावरी | २० फेब्रुवारी

उशीर झाला, पण बातमी घेऊन आले आहे!

लग्नाच्या नोंदीचा उतारा आला. लॅटिन आणि पोर्तुगीज मिसळलेली भाषा आहे. वर: मानुएल परेरा. फायाल नाही, पिको! गाव कल्येता द नेश्किम. वधूचं नाव मारिया रोझा द जेझुस, तिच्यापुढे 'त्याच गावची' असं लिहिलंय. दोघं एकाच गावची होती.

मग पिकोच्या कागदांसाठी ओर्ताच्या प्रादेशिक अभिलेखागाराच्या पासपोर्टच्या वह्या पाहिल्या, कारण पिको, फायाल, फ्लोरेस आणि कोर्वू ही चारही बेटं तेव्हा ओर्ता जिल्ह्यात येत. १८९६ मध्ये मारिया रोझा, वय २०, अविवाहित, कल्येता द नेश्किमची, बापाचं नाव अंतोनियु सिल्व्हेरा. जाण्याचं ठिकाण अमेरिका. अंतोनियु म्हणजे तो 'अँटोन'!

ज्या मुलाने सोळाव्या वर्षी गाव सोडलं, त्याच्यासाठी ही पाच वर्षांनी एकटी जहाजातून आली. नकाशावर सासूबाईंना गाव दाखवलं. समुद्राला लागून, वर काळा डोंगर. त्या गावाचं नाव तीन-चारदा उच्चारून पाहत होत्या. मग म्हणाल्या, "नेश्किम. हा शब्द मी ऐकलाय. मला वाटायचं ती कुणाला तरी हाक मारते."

आता बाप्तिस्म्याची नोंद शोधायची आहे. वहीची पानं पडद्यावर दिसतात, पण अनुक्रमणिका नाही आणि अक्षर वाचवत नाही. कागदवाचक, मदत करा.

कागदवाचक | २० फेब्रुवारी

अभिनंदन! आता वाचायला शिका, अवघड नाही.

तुम्ही सुदैवी आहात, कारण तुमचं साल १८६० नंतरचं. त्या वर्षापासून चर्चच्या नोंदींचा मजकूर ठरावीक साच्याचा झाला. चर्चची नोंद सोडून सरकारी जन्मनोंदणी सगळ्यांसाठी सुरू झाली ती १९११ मध्ये, प्रजासत्ताक आल्यावर. म्हणजे तुम्हाला चर्चचीच वही पाहायची आहे. १८७६ ची वही काढा. समासात फक्त 'मारिया' लिहिलेलं असेल, आडनाव नसेल. वर्षात पंधरा-वीस मारिया निघतील, प्रत्येकीचा बाप पाहा.

नोंद सुरू होते 'आउश' या शब्दाने, मग तारीख अक्षरात. पुढे जन्माची तारीख आणि वेळ. 'फिल्या लेजितिमा द' म्हणजे औरस मुलगी, पुढे बापाचं नाव आणि धंदा, मग आईचं. त्यानंतर सगळ्यांत मोलाचा भाग: 'नेता पातेर्ना द', म्हणजे वडिलांकडून नात कुणाची, आणि मग आईकडून कुणाची. एका नोंदीत तीन पिढ्या, आणि आईकडचे आजोबा-आजी वडिलांकडच्यांइतकेच ठळक. शेवटी पाद्रिन्यु आणि माद्रिन्या, धर्मपिता आणि धर्ममाता. गोव्यात पाद्रीन-माद्रीन म्हणतात ते हेच.

आणखी मागे गेलात, १८६० च्या अलीकडची-पलीकडची पानं पाहिलीत, तर संक्षेप भेटतील. नावाचं पहिलं आणि शेवटचं अक्षर लिहून वर छोटी खूण. आणि महिन्यांकडे लक्ष द्या: आकडा ७ आणि पुढे 'ब्रु' असेल तर जुलै नाही, सप्टेंबर. ८ म्हणजे ऑक्टोबर, ९ म्हणजे नोव्हेंबर, रोमन दहा म्हणजे डिसेंबर. सेतेंब्रु, औतुब्रु या शब्दांतच सात, आठ आहेत. या एका गोष्टीने लोकांच्या वंशावळीत मुलं लग्नाआधी जन्माला आली आहेत.

निनाद_सॅनहोजे | २१ फेब्रुवारी

थोडं अवांतर. डीएनए चाचणीचा विचार करत असाल तर एक सांगतो. बायकोला अझोर्सचे शेकडो 'चुलत' नातेवाईक दाखवले, कंपनीच्या मते बरेच तिसऱ्या पिढीतले. प्रत्यक्षात बेटं लहान, पिढ्यानपिढ्या आपापसांत लग्नं, त्यामुळे एकच माणूस चार वाटांनी नातेवाईक निघतो आणि नातं आहे त्याहून जवळचं दिसतं. जवळच्या नात्यात लग्न करायला चर्चची परवानगी लागायची. लग्नाच्या नोंदीत त्या परवानगीचा उल्लेख दिसला तर सोडू नका, नातं तिथेच कळतं.

मीनल | २१ फेब्रुवारी

एक प्रश्न. माझी मैत्रीण गोव्याची, तिचे आजोबा १९६१ च्या आधी जन्मलेले, म्हणून ती पोर्तुगीज नागरिकत्वाचे कागद करते आहे. आसावरीताईंच्या सासूबाईंचंही तसं होईल का?

वसईकरीण | २२ फेब्रुवारी

मीनल, दोन्हींची वाट वेगळी. गोव्यात १९ डिसेंबर १९६१ च्या आधी जन्मलेले लोक पोर्तुगीज अमलाखालच्या प्रदेशात जन्मले, म्हणून त्यांची जन्मनोंद लिस्बनच्या मध्यवर्ती नोंदणी कार्यालयात करून घेण्याचा मार्ग आहे. त्यात वंश पोर्तुगीज असण्याचा प्रश्न येत नाही. इथे आसावरीताई वंशच शोधत आहेत, आणि मला नाही वाटत त्यांच्या सासूबाईंना पासपोर्ट हवाय. या धाग्यावर तो विषय नको.

आसावरी | ६ मार्च

नाही हो, पासपोर्ट नको आहे.

सापडली! चौदावी मारिया. एप्रिल १८७६, गावातल्या सांव सेबाश्तियांव चर्चमध्ये बाप्तिस्मा. बाप अंतोनियु सिल्व्हेरा, शेतमजूर. आई रोझा द जेझुस. तुम्ही शिकवल्याप्रमाणे एकेक शब्द लावत गेले, तीन रात्री लागल्या. वडिलांकडच्या आजोबा-आजींची नावं स्वच्छ आहेत. धर्ममातेला सही करता येत नव्हती असंही लिहिलं आहे.

पण आईकडची नावं जिथे हवीत तिथे नावंच नाहीत. 'मातेर्ना द' आणि पुढे दोन शब्द, एक 'आवोश' असावा, दुसरा 'इन्कॉग्...' असा काहीतरी. पाद्री लिहायला विसरले का? पानाचा फोटो खाली जोडते.

कागदवाचक | ६ मार्च

विसरले नाहीत. 'आवोश इन्कॉग्नितुश' लिहिलं आहे, अज्ञात आजोबा-आजी. म्हणजे मारियाच्या आईचे, रोझाचे, आईबाप कुणालाच माहीत नव्हते. रोझा ही 'एश्पोश्ता' होती, सोडून दिलेलं मूल.

तुमच्या सासूबाईंना कसं सांगायचं ते तुम्ही ठरवा, पण त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही हे आवर्जून सांगा. त्या काळात ही फार मोठी गोष्ट होती. भिंतीत लाकडाचं फिरतं चक्र बसवलेलं असे, त्याला 'रोदा' म्हणत. बाहेरून कुणी मूल ठेवलं आणि चक्र फिरवलं की ते आत जाई, ठेवणाऱ्याचा चेहरा दिसत नसे. प्रत्येक नगरपालिकेने असं चक्र ठेवावं असा हुकूम १७८३ मध्ये निघाला होता. गरिबी, कुमारी मातेची अडचण, आईचा मृत्यू, कारणं अनेक. सोडलेल्या मुलांना बरेचदा 'द जेझुस' किंवा असंच भक्तीचं नाव मिळे. पण ते नाव इतर पुष्कळ बायकांचंही असे, म्हणून नुसत्या नावावरून मी आधी काही बोललो नाही.

वंश इथे थांबतो, पण कागद थांबत नाहीत. रोझाच्या लग्नाची नोंद काढा, १८७६ च्या मागे एकेक वर्ष जा. मग सोडलेल्या मुलांच्या वह्या, 'लिव्रुश दुश एश्पोश्तुश', त्या नगरपालिकेच्या दप्तरात असतात. कल्येता द नेश्किम हे लाजेश दु पिको नगरपालिकेत येतं. अशा वह्यांत मूल कोणत्या दिवशी, किती वाजता सापडलं, अंगावर कोणते कपडे होते, गळ्यात फीत किंवा चिठ्ठी होती का, हे लिहीत, कारण पुढेमागे आई परत आली तर ओळख पटावी. आणि मूल पाजायला ज्या बाईकडे दिलं तिचं नाव, गाव आणि तिला दिलेले पैसे. त्या बाईला 'आमा' म्हणत.

बापूसाहेब | ७ मार्च

कपड्यांची नोंद ठेवत होते, आई परत आली तर ओळख पटावी म्हणून. हे वाचून आज दुसरं काही करवलं नाही.

आसावरी | १२ मार्च

सांगितलं सासूबाईंना. रविवारी दुपारी, गोड पावाचं पीठ मळताना. मी घाबरत घाबरत सांगत होते. नवरा म्हणत होता, राहू दे, या वयात कशाला. पण त्यांनी विचारलं होतं म्हणून मला सांगायलाच हवं होतं.

त्यांनी पीठ मळणं थांबवलं नाही. रोझाचे आईबाप कोण, हे त्यांनी विचारलंच नाही. थोड्या वेळाने म्हणाल्या, "मग तिला दूध कुणी पाजलं?"

मी सांगितलं की त्या बाईचं नावही कदाचित लिहिलेलं असेल.

"ते शोध," म्हणाल्या.

रोझाच्या लग्नाची नोंद काल रात्री मिळाली, १८७२ ची. तिथेही आईबापांच्या जागी तेच दोन शब्द आहेत, पण पुढे एक ओळ आहे: 'लहानपणापासून वाढली' आणि मग एका बाईचं नाव, रिबैराश गावची. ते नाव नीट लागत नाही. पहिलं अक्षर 'आ' असावं. कागदवाचक, फोटो जोडते आहे. आज पाहता येईल का?

कागदवाचक | १२ मार्च

पाहतो आहे. पहिलं अक्षर 'आ' नाही, 'जे' आहे, वरचा फाटा ओळीत मिसळलाय. जॅसिंता. जॅसिंता द जेझुस. रिबैराश शेजारचीच फ्रेगेझिया, त्याच नगरपालिकेतली. सासूबाईंना आत्ताच फोन करा, मग वह्यांकडे वळू.